पानाखालचा केस

२०२२ चा डिसेंबर. पुण्यात वडिलांच्या घरी जेवणाच्या टेबलाशी माझी भाची डोळे मिटून बसली होती. समोर जुनं दाते पंचांग उघडं. आपल्या डोक्यावरचा एक केस उपटून तिनं पंचांगाच्या एका पानाखाली सरकवला होता आणि पानावरून बोटांची पेरं हलकेच फिरवत ती तो शोधत होती. सापडला. मग केस दोन पानांखाली गेला, मग पाच. सातव्या पानाला ती अडली. बराच वेळ बोट इकडून तिकडे गेलं, मग एका जागी थांबलं. "इथे," ती म्हणाली. पानं उलटली. केस तिथेच होता.

"मावशी, पहिल्या वर्षी आम्हांला हे करायला लावतात. पूर्वी टेलिफोन डिरेक्टरीची पानं घ्यायचे. हाताला बघायला शिकवायचं म्हणून."

वडिलांच्या कंपवाताचं निदान होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. भाची उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेली. एका हातानं त्यांचं कोपर सावरलं, दुसऱ्या हातात मनगट धरलं आणि हात सावकाश वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. "तू धर आता." मी धरला. मला काही कळेना. "घाई करू नकोस, मावशी." मग जाणवलं. हात एकसंध वाकत नव्हता. दातेरी चाकावरून काही सरकावं तसा खट्, खट्, खट् अडकत येत होता. वैद्यकाच्या पुस्तकांतही या लक्षणाला दातेरी चाकाचंच नाव आहे. वर्षभर मी ज्यांना हात धरून चालवत होते, त्यांच्या हातातली ही गोष्ट मला पहिल्यांदा त्या संध्याकाळी कळली. आणि भाचीनं तिथेच सांगून टाकलं, "मी न्यूरॉलॉजीच करणार."

माझी बहीण, भाचीची आई, काही बोलली नाही. रात्री ओटा आवरताना हळूच म्हणाली, "ताई, डीओवाल्यांना देतात का गं न्यूरॉलॉजी?"

त्या प्रश्नाचा पाठपुरावा मी पुढे सव्वादोन वर्षं केला. अमेरिकेत राहणाऱ्या किती मराठी घरांत तो असाच हळू आवाजात विचारला जात असेल, याचा अंदाज मला मागाहून आला.

भाची अमेरिकेत डीओ शिकत होती. आधी डीओ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमच्या घरातही "म्हणजे हाडांची डॉक्टर का?" असं तीनदा विचारून झालं होतं. अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या दोन पदव्या आहेत, एमडी आणि डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. दोन्हींची चार वर्षं, दोघांनाही औषध लिहिण्याचा, शस्त्रक्रिया करण्याचा, कोणत्याही शाखेत जाण्याचा सारखाच परवाना. आपल्याकडची एमडी ही एमबीबीएसनंतरची पदवी. तिथली एमडी म्हणजे साधारण आपलं एमबीबीएस, हेही लक्षात ठेवावं लागतं. डीओच्या विद्यार्थ्यांना या सगळ्याच्या वर स्नायू, सांधे आणि कणा हातानं तपासण्याचं, हातानं उपचार करण्याचं सुमारे दोनशे तासांचं शिक्षण मिळतं. पानाखालचा केस त्यातला. गोंधळ होतो तो इंग्लंड-युरोपमुळे. तिथला ऑस्टिओपॅथ हा हातानं उपचार करणारा असतो, वैद्यकीय डॉक्टर नसतो. अमेरिकेतला डीओ पूर्ण डॉक्टर असतो. आज अमेरिकेत वैद्यक शिकणाऱ्या दर चार मुलांपैकी एक डीओच्या कॉलेजात आहे आणि अशी कॉलेजं चाळीसहून अधिक झाली आहेत. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले राष्ट्राध्यक्षांचे डॉक्टर शॉन कॉनली डीओ, त्यांच्यानंतर बायडन यांचे केव्हिन ओ'कॉनर, तेही डीओ.

मग बहिणीचा आवाज खाली का आला? त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि योगायोग असा की तो मेंदूच्याच आजारापासून सुरू होतो.

अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ चा, व्हर्जिनियातला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि डॉक्टरही. मुलगाही डॉक्टर झाला, यादवी युद्धात लढला. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुलं गेली. त्या काळच्या डॉक्टरांकडे देण्यासारखं होतं काय? पारा, अफू, जळवा. आपल्या विद्येचा घरच्या मुलांना काडीचा उपयोग झाला नाही, हे स्टिल यांच्या मनातून गेलं नाही. दहा वर्षांनी, २२ जून १८७४ या तारखेला, त्यांनी आपली वेगळी वाट जाहीर केली. शरीराची रचना बिघडली की काम बिघडतं, ती रचना हातानं ओळखायची आणि सुधारायची. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात त्यांनी कॉलेज काढलं. पहिल्या वर्गात मुलीही होत्या. राज्यानं दिलेल्या सनदेनुसार त्यांना एमडी ही पदवी देता आली असती. त्यांनी मुद्दाम डीओ दिली.

ती दोन अक्षरं पुढच्या पिढ्यांना महागात पडली. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं या पंथाला कित्येक दशकं डॉक्टरांत धरलंच नाही. एमडीनं डीओबरोबर व्यावसायिक संबंध ठेवणं हाच नीतिभंग समजला जाई. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात तर एमडी आणि डीओंच्या तिथल्या संघटनांनी समझोता करून सुमारे दोन हजार डीओंना पासष्ट डॉलर घेऊन एमडी करून टाकलं आणि नव्या डीओंना परवाना देणं बंद केलं. तो परवाना तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्ये पुन्हा खुला केला. सैन्यानं डीओंना डॉक्टर म्हणून घ्यायला १९६६ साली मान्यता दिली, तीही व्हिएतनामच्या युद्धात डॉक्टर कमी पडत होते तेव्हा. इतिहास असा असला की कागदावरची बरोबरी आली तरी मनातली पायरी राहतेच.

कागदावरची बरोबरी रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतर इस्पितळात घ्यायच्या प्रशिक्षणाच्या, बाबतीत अगदी अलीकडची. २०२० पर्यंत अमेरिकेत दोन वेगळे व्यवहार चालत. डीओंच्या संघटनेच्या स्वतःच्या रेसिडेन्सी होत्या, त्यांचं वाटप वेगळं, आणि एमडींचा मोठा मॅच, म्हणजे मुलांच्या आणि इस्पितळांच्या पसंतीची जुळणी, वेगळा. २०१४ मध्ये करार झाला, २०१५ ते २०२० या पाच वर्षांत सगळ्या रेसिडेन्सी एका मान्यतेखाली आल्या आणि २०२० पासून सगळे एकाच मॅचमध्ये उतरतात. यात डीओंचा फायदा झाला तसं नुकसानही झालं. पूर्वी ज्या जागा फक्त त्यांच्या होत्या त्या आता सगळ्यांना खुल्या झाल्या आणि छोट्या इस्पितळांतल्या काही रेसिडेन्सी नव्या अटी पुऱ्या करता न आल्यानं बंद पडल्या.

आता आकडे. २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकन एमडी कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली. डीओंपैकी ९२.६ टक्क्यांना. फरक एका टक्क्याचाही नाही. याच यादीत आणखी दोन ओळी आहेत. परदेशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७.८ टक्के लागले. त्यांत कॅरिबियन बेटांवरच्या कॉलेजांत गेलेली मुलं मोठ्या संख्येनं असतात. आणि परदेशात शिकलेल्या परदेशी डॉक्टरांपैकी ५८ टक्के. आपल्या पुण्या-मुंबईहून, नागपूर-औरंगाबादहून एमबीबीएस करून जाणारी मुलं या शेवटच्या ओळीत.

या दोन मधल्या ओळींपाशी मला थांबावंसं वाटतं. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात बहिणीला एका गृहस्थांनी आपुलकीनं सल्ला दिला होता: "डीओ कशाला? बेटावर पाठवा, निदान एमडी तरी लागेल नावापुढे." लेकरासाठी पोटतिडकीनं दिलेला सल्ला, पण चुकीचा. नावापुढच्या दोन अक्षरांसाठी ९२.६ सोडून ६७.८ कडे जायचं, तेही लाखो डॉलरचं कर्ज डोक्यावर घेऊन. एमडीला प्रवेश न मिळालेल्या मुलाला मी आज डोळे झाकून डीओच सांगेन.

पण ९२.६ हा सगळ्या शाखांचा मिळून आकडा. त्यात फॅमिली मेडिसिन आलं, इंटर्नल मेडिसिन आलं, जिथे डीओ मोठ्या संख्येनं जातात. त्यावरून न्यूरॉलॉजीचं भाकीत करता येत नाही. त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी, न्यूरोसर्जरी या शाखांत डीओ अजूनही मोजकेच दिसतात. न्यूरॉलॉजी त्या रांगेत नाही. ती मधल्या पट्ट्यातली शाखा आहे. दरवर्षी डीओची मुलं तिथे लागतात, चांगल्या संख्येनं लागतात. अडचण असते ती नामांकित विद्यापीठांच्या वरच्या फळीत. तिथल्या काही विभागांच्या रेसिडेंटांच्या यादीवरून नजर फिरवली तर ओळीनं अनेक वर्षं एकही डीओ सापडत नाही. नियमात कुठे तसं लिहिलेलं नाही. तरी यादी बोलते.

अमेरिकेत न्यूरॉलॉजीची रेसिडेन्सी चार वर्षांची. आपल्याकडे आधी मेडिसिनमध्ये एमडी, मग डीएम, म्हणजे एमबीबीएसनंतर सहा वर्षं. तिथे कॉलेजातून थेट, पहिलं वर्ष मेडिसिनचं आणि पुढची तीन न्यूरॉलॉजीची. काही ठिकाणी चारही वर्षं एकाच जागी मिळतात. काही ठिकाणी फक्त शेवटची तीन, आणि पहिल्या वर्षासाठी वेगळा अर्ज, वेगळी मुलाखत. भाचीनं दोन्ही प्रकारचे अर्ज केले.

तिची खरी दमछाक झाली ती परीक्षांत. डीओंची स्वतःची परीक्षा आहे, कॉमलेक्स. परवान्यासाठी तेवढी पुरेशी. पण रेसिडेन्सीच्या निवड समितीसमोर एमडींच्या परीक्षेचे, युएसएमएलईचे, गुण असतात, त्यांना कॉमलेक्सचा आकडा त्या फुटपट्टीवर बसवता येत नाही. म्हणून न्यूरॉलॉजीसारख्या शाखेला जाऊ पाहणारी बरीच डीओ मुलं दोन्ही परीक्षा देतात. एकच अभ्यासक्रम, एकाच उन्हाळ्यात, काही दिवसांच्या अंतरानं दोन पूर्ण दिवसांच्या परीक्षा. एकीत २८० पर्यंत प्रश्न, दुसरीत साडेतीनशेच्या वर. प्रत्येकीची फी सहाशे डॉलरांच्या पुढे. आणि रेसिडेन्सीआधी दोन्हींचे दोन-दोन टप्पे, म्हणजे चार परीक्षा. २०२३ च्या जूनमध्ये भाची फोनवर म्हणाली, "मावशी, काल शरीरशास्त्र दुसऱ्यांदा पास झाले." आवाज पार थकलेला होता.

२०२२ पासून दोन्ही परीक्षांच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणं बंद झालं, फक्त पास किंवा नापास. मुलांवरचा ताण कमी व्हावा हा हेतू चांगला होता. डीओच्या मुलांचं मात्र त्यात एक साधन गेलं. पूर्वी कॉलेजचं नाव झाकून एका आकड्यावर स्वतःला सिद्ध करता येत असे. आता सगळा भार दुसऱ्या टप्प्यावर, आणि त्याचे गुण अर्जाच्या तोंडावर हातात येतात. आकडा गेला की समितीचं लक्ष कॉलेजच्या नावाकडे जातं, हे साहजिक आहे. डीओंना दुहेरी परीक्षेची अट घालू नये, कॉमलेक्स पुरेशी मानावी यासाठी अमेरिकन काँग्रेसमध्ये विधेयकही मांडलं गेलं. माझं मत विचाराल तर एका परवान्यासाठी एका मुलाकडून दोन परीक्षा घेणं हा अन्याय आहे. आणि तरीही, आज अर्ज करायचा असेल तर दोन्ही द्याव्यात, हेही मी सांगेन.

परीक्षेपेक्षा मोठी अडचण जागेची. जुन्या एमडी कॉलेजांना बहुधा स्वतःचं मोठं इस्पितळ असतं. न्यूरॉलॉजीचा विभाग, त्याचे प्राध्यापक, त्यांचं संशोधन, सगळं जिना चढून वर गेलं की. बहुतेक डीओ कॉलेजांकडे तसं इस्पितळ नाही. तिसऱ्या वर्षी मुलांना गावोगावच्या इस्पितळांत विखुरलं जातं. भाचीला पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान शहरात पाठवलं होतं. तिथे वर्षभर तिनं बाळंतपणं पाहिली, हर्निया पाहिले, न्यूमोनिया पाहिला. न्यूरॉलॉजिस्ट होता एक, आठवड्यातून दोन दिवस येणारा. पक्षाघाताचा रुग्ण आला की पडद्यावरून दूरच्या शहरातला डॉक्टर तपासायचा आणि ती पलंगाच्या पायाशी उभी राहून त्याच्या सांगण्यानुसार रुग्णाचा हात उचलून धरायची.

आता अर्जाला लागतात न्यूरॉलॉजिस्टची शिफारसपत्रं. ती कोण देणार? ज्यानं मुलीला काम करताना पाहिलं आहे तो. आठवड्यातून दोन दिवस येणारा माणूस किती पाहील? म्हणून चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला मुलं परक्या इस्पितळांत महिना-महिना काम करायला जातात. भाचीनं असे दोन महिने केले. काही ठिकाणी डीओच्या मुलांना घेतच नाहीत, काही ठिकाणी घेतात. राहण्याचा, प्रवासाचा, गाडीचा खर्च स्वतःचा. त्यातल्या दुसऱ्या महिन्यात तिला एक पत्र मिळालं, तेच तिला पुढे उपयोगी पडलं असावं, असं तिला वाटतं. ज्या घरात हे दोन महिने परवडत नाहीत, तिथली हुशार मुलगी इथेच मागे पडते. म्हणून मूल डीओला पाठवताना आईवडिलांनी इमारत आणि रँकिंग बघण्याआधी एक गोष्ट विचारावी: न्यूरॉलॉजीचं रोटेशन कुठे होतं, आणि तिथे पूर्णवेळ न्यूरॉलॉजिस्ट किती आहेत?

आणखी एक प्रश्न आहे. तो डीओंच्या घरातलाच, आणि न्यूरॉलॉजीत तो टाळता येत नाही. हातांच्या उपचारांत मान झटक्यानं फिरवण्याचाही एक प्रकार आहे. मानेतल्या रोहिणीचं अस्तर फाटून पक्षाघात होण्याचा संबंध मानेच्या अशा उपचारांशी दिसून आलेला आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये त्यावर सविस्तर निवेदन काढलं आणि धोका कमी असला तरी रुग्णाला तो आधी सांगावा, असं म्हटलं. कवटीची हाडं हलकेच हलवून उपचार करण्याची जी शाखा डीओंमध्ये आहे, तिलाही भक्कम पुरावा मिळालेला नाही. मुलाखतीत भाचीला मानेबद्दल विचारलं गेलं. तिनं सरळ सांगितलं, "मी मान फिरवत नाही. त्या हातानं मी ताठरपणा ओळखायला शिकले." मला हे उत्तर आवडलं. आपल्या पंथातलं काय टिकाऊ आणि काय सोडून द्यायचं, हे चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी ठरवायचं आणि परक्यांसमोर बोलायचं, याला धीर लागतो.

सप्टेंबरअखेर अर्ज गेले. ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती, बहुतेक पडद्यावर. मग ठिकाणांची पसंतीक्रमानं यादी.

मॅचची ही यादी आपल्या लोकांना पटकन समजते, कारण तिचं गणित मुळात लग्न जुळवण्याचंच आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये एक निबंध लिहिला. कॉलेजप्रवेश आणि विवाह, दोन्हींत अशी जुळणी कशी करावी की नंतर कुणाही दोघांना परस्पर मोडून एकमेकांकडे जावंसं वाटू नये? अमेरिकेचा मॅच १९५२ पासून चालू होता. ॲल्विन रॉथ यांनी नव्वदीच्या दशकात त्याची रीत अशी बदलली की जुळणी मुलांच्या पसंतीपासून सुरू व्हावी. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या रीतीचा अर्थ साधा आहे. आवडीचं ठिकाण पहिलं लिहावं, दुसरं दुसरं. "तिथे आपल्याला कोण घेणार" म्हणून सुरक्षित ठिकाण वर चढवण्यात काहीच मिळत नाही, उलट हातचं जातं. वरचं ठिकाण नाही मिळालं तर यंत्र आपोआप पुढच्याकडे येतं, मधल्या काळात खालची जागा हातून निसटत नाही. डीओची मुलं इथे भीतीनं चुकतात. बहिणीनंही आग्रह धरला होता, "घराजवळचं पहिलं लिही, ते नक्की घेतील." भाचीनं ऐकलं नाही.

१७ मार्च २०२५, सोमवार. त्या दिवशी फक्त जागा मिळाली की नाही एवढंच कळतं. मिळाली होती. कुठे, ते शुक्रवारी.

या सगळ्या धडपडीचा विचार करताना मला एक जुना अभ्यास सतत आठवत होता. २०१३ मध्ये अमेरिकन न्यूरॉलॉजीच्या मुख्य नियतकालिकात तो आला. २०१२ साली अमेरिकेत १६,३६६ न्यूरॉलॉजिस्ट होते आणि गरज १८,१८० ची होती. २०२५ पर्यंत संख्या १८,०६० वर जाईल, गरज २१,४४० वर, असा त्याचा अंदाज. नव्या रुग्णाला भेटीसाठी तेव्हाच कामकाजाचे सरासरी ३५ दिवस थांबावं लागत होतं. लोक म्हातारे होत आहेत, स्मृतिभ्रंश आणि कंपवात वाढत आहेत. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला १९९६ मध्ये मान्यता मिळाली, गुठळी नळीनं ओढून काढण्याचे उपचार २०१५ नंतर रुळले. म्हणजे इलाज आहेत आणि ते वेळेत करणारी माणसं कमी आहेत. जिथे माणसं सगळ्यात कमी आहेत त्या लहान गावांकडे जायला डीओची मुलं तयार असतात. ती शिकलेलीच तिथे असतात. पेनसिल्व्हेनियातल्या त्या पलंगाच्या पायाशी उभ्या राहिलेल्या मुलीला पडद्यावरचा डॉक्टर व्हायचं आहे आणि निवड समिती तिच्या पदवीची दोन अक्षरं वाचत बसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२१ मार्चला पूर्वेकडच्या अमेरिकेत दुपारचे बारा वाजले तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ होते. वडिलांना झोपवण्याची वेळ टळून गेली होती, पण ते खुर्चीतून उठेनात. फोन टेबलावर उभा करून ठेवला होता. तिकडे पाकीट फाडल्याचा आवाज आला, मग बहिणीचं रडणं, मग भाचीचा चेहरा. यादीतलं तिसरं ठिकाण. ओहायोतलं, विद्यापीठाशी जोडलेलं इस्पितळ, चारही वर्षं एकाच जागी. पहिल्या दोन ठिकाणी मिळालं नाही. त्या दोन्हींच्या रेसिडेंटांत त्या वर्षीही एकही डीओ नव्हता. तिसऱ्या ठिकाणी तिच्या तुकडीत सहाजण आहेत, त्यांत दोन डीओ.

वडिलांनी फोनसमोर आपला उजवा हात धरला. "आता तपास," म्हणाले.

त्या जुलैत ती तिथे मेडिसिनच्या वॉर्डात रुजू झाली. न्यूरॉलॉजीचा वॉर्ड त्याच्या पुढच्या जुलैत.